घामाला टिकेल असा प्लेअर

माझा आधीचा म्युझिक प्लेअर घामाने गेला. पावसात भिजला नाही, हातातून पडला नाही, नळाखालीही कधी गेला नाही. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, त्यामुळे लांब पल्ल्याची तयारी भर दमट दिवसांत करावी लागते. ठाण्यात उपवन तलावापासून येऊरचा चढ चढून आलं की टी-शर्ट पिळावा लागतो. प्लेअर कमरेच्या पाऊचमध्ये, पोटाला चिकटलेला. त्याला टचस्क्रीन होता. चढावर गाणी आपोआप बदलायला लागली आणि मग आवाज एकदम टिपेला गेला. कमी करायला बोट फिरवते, तर स्क्रीन दाद देईना. घाम खारट, त्यातून वीज वाहते. ओल्या स्क्रीनला थेंब कुठला आणि बोट कुठलं हे कळत नाही. शेवटी हेडफोन उपसून काढले. कान घरी येईपर्यंत वाजत होते.

रात्री चार्जिंगला लावला, सकाळी तो बंद. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने झाकण उघडून आतला बारीक ठिपका दाखवला. कोरडा असताना पांढरा, ओल लागली की लाल. माझा लाल होता. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. "मॅडम, पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही." पाणी नाही हो, घाम, असं मी सांगून पाहिलं. कंपनीच्या लेखी दोन्ही एकच.

म्हणून पळण्यासाठी प्लेअर घेणार असाल तर आवाजाचा दर्जा आणि किती हजार गाणी मावतात हे नंतर विचारा. आधी खोक्यावर आयपी हा अंक शोधा. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसेल. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहील. मी ७ च्या खालचं काही घेणार नाही. पण ही चाचणी साध्या पाण्यात होते, घामात नव्हे. मीठ पिनांवर बसतं, आणि ओल्या पिनांतून वीज सोडली की धातू झपाट्याने खातं. घरी आल्यावर प्लेअर ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडा पुसा, वाळू द्या, आणि मगच चार्जिंगला लावा. हे कंटाळवाणं काम एवढं मनावर घ्या.

दुसरी गोष्ट बटणं. खरी, उठावदार, बोटाला जाणवणारी. दुकानात प्लेअर खिशात घालून, न बघता, गाणं पुढे न्या, आवाज कमी करा, बंद करा. हे जमलं नाही तर तो परत ठेवा. अ‍ॅपलने २००९ साली आयपॉड शफलवरची बटणं काढून सगळं नियंत्रण हेडफोनच्या वायरीवर नेलं होतं. पुढच्याच वर्षी बटणं परत आली. तो शफल २०१७ साली बंद झाला, याचं मला आजही वाईट वाटतं. कपड्याला चिमटा लावून विसरून जावं, असं ते यंत्र होतं.

जागेची चिंता करू नका. साधारण दर्जाची एमपीथ्री फाइल मिनिटाला सुमारे एक एमबी घेते. चार जीबीत साठ तासांहून जास्त गाणी मावतात, ४२.१९५ किलोमीटरला एवढी लागत नाहीत. मात्र अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणी साध्या प्लेअरमध्ये उतरत नाहीत, तुमच्याकडे स्वतःच्या फाइली हव्यात. बॅटरी कागदावर तुमच्या वेळेच्या दुप्पट असावी. सुरुवातीच्या रांगेतच बराच वेळ उभं राहावं लागतं, आणि ब्लूटूथ असेल तर बॅटरी आणखी लवकर उतरते.

कानाबद्दल मात्र मी हट्टी आहे. कान बंद करून रस्त्यावर पळू नका. पहाटे मागून येणारी बाइक, कुत्रा, गटारावरच्या सैल झाकणाचा आवाज, हे ऐकू यायलाच हवं. गालाच्या हाडावरून आवाज पोचवणारे बोन कंडक्शन हेडफोन मिळतात, त्यातल्या काहींत गाणी साठवायची सोयही असते, म्हणजे वेगळा प्लेअर नकोच. माझी निवड तीच झाली. पण त्यांचाही आवाज शेवटी आतल्या कानातच जातो, तेव्हा ट्रॅफिकवर मात करायला तो वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. फुल मॅरेथॉनला आपल्यापैकी बऱ्याच जणांना त्याहून जास्त वेळ लागतो.

ठेक्याचा परिणाम खरा आहे. हायले गेब्रसेलासीने १९९८ साली बर्मिंगहॅमला इनडोअर दोन हजार मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा स्टेडियममध्ये 'स्कॅटमॅन' वाजत होतं. पण तेच गाणं मॅरेथॉनच्या पहिल्या किलोमीटरला लागलं तर पाय नको तितके जोरात पडतात, आणि ते कर्ज परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढावर फेडावं लागतं. मी तीस किलोमीटरपर्यंत काही लावत नाही. बक्षिसासाठी पळणाऱ्यांनी तर स्पर्धेचे नियम आधी वाचावेत. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धेदरम्यान असा प्लेअर जवळ ठेवणं म्हणजे मदत घेणं धरलं जातं.

आणि एक विनंती. नवा प्लेअर स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा बाहेर काढू नका. दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत त्याला घेऊन एक पूर्ण लाँग रन करा, चांगला घाम गाळा, आणि तोवर पावती व खोकं टाकू नका.