बाण पट्टा ओलांडतो तिथे थांब

पोरी, बिझनेस ॲनालिस्ट म्हणून रुजू झालीस ना, मग आधी लॅपटॉप मिट आणि चेन्नईतल्या अण्णा नगर ईस्टच्या मेट्रो स्टेशनात जाऊन गेटजवळ अर्धा तास उभी राहा. 2017च्या मेपासून हा भुयारी टप्पा चालू आहे आणि 2023पासून व्हॉट्सॲपवरही क्यूआर तिकीट मिळतं. सरावाला घराजवळ याहून चांगलं काही मिळणार नाही.

पहिल्यांदा युजर स्टोऱ्या लिही. ‘प्रवासी म्हणून मला फोनवर तिकीट हवं, म्हणजे रांग टळेल.’ कोण, काय, कशासाठी हा साचा 2001च्या सुमारास लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीत रुळला. साचा भरला की काम संपलं असं मानणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याशी वाद घालू नकोस. प्रोग्रामर रॉन जेफ्रीजनं 2001 साली स्टोरीच्या तीन गोष्टी सांगितल्या: कार्ड, बोलणं, खातरजमा. स्टोरी लिहिलेलं कार्ड हे बोलायचं निमित्त. ‘कशासाठी’पुढे कुणी ‘तिकीट मिळावं म्हणून’ लिहिलं असेल, तर कार्ड परत कर.

मग तिकिटाचं काम कुणाकडून कुणाकडे जातं त्याचं चित्र काढायला कागद आडवा धरून प्रत्येकाचा एक पट्टा आख: प्रवासी, चॅट, बँक, गेट, स्टेशनवरचा कर्मचारी. अशा चित्रांसाठीच्या बीपीएमएन पद्धतीची सगळी चिन्हं पाठ करत बसू नकोस. गोल, चौकोन, बाण आणि निर्णयाचा शंकरपाळा एवढ्यावर बरंच भागतं. आधी आज कसं चालतं ते काढ, उद्याचं नंतर. आणि चित्र मॅनेजरला काढू देऊ नकोस. तो कसं चालायला हवं ते काढतो.

आता मुख्य गोष्ट. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात शिरतो तिथे पेन्सिल टेक आणि विचार: हा बाण पोचलाच नाही तर? बँकेनं पैसे कापले, तिकीट आलं नाही. कुणाला कळणार, किती वेळात? प्रवासी आत गेला आणि तिरुमंगलमला उतरेपर्यंत फोन बंद पडला. गेटला दाखवणार काय? इथून नवी स्टोरी निघते, पण ती प्रवाशाची नव्हे, कर्मचाऱ्याची: ‘मला मोबाइल नंबरावरून तिकीट शोधता आलं पाहिजे.’ नुसत्या स्टोऱ्या लिहिणाऱ्याला हा माणूस सापडत नाही, कारण मीटिंगला त्याला कुणी बोलावलेलंच नसतं. एका फोनवर चौघांची तिकिटं काढली आणि एक जण मागे राहिला, हे तूच सोडवून बघ.

उलटही ताड. स्टोरी हातात आहे पण चित्रात तिला जागा नाही, तर दोन्हींपैकी एक अपुरं आहे. माणसाचा पट्टा आहे पण त्याची एकही स्टोरी नाही, तर त्याच्याशी तू बोललेली नाहीस. जाऊन बोल, मोडक्या का होईना तमिळमध्ये, आणि त्याचा साहेब जवळ नसताना. ‘सहसा असंच होतं’ असं तो म्हणाला, की तिथे एक शंकरपाळा काढून ठेव.

प्रत्येक कार्डावर चित्रातल्या चौकोनाचा नंबर टाक. उद्या गिऱ्हाइकानं एक चौकोन हलवला, की कुठली कार्डं पुन्हा वाचायची ते शोधत बसावं लागत नाही.