वेगवान बोटीच्या पोटातील कापड आणि कांजी

आमचा धंदा कापडाचा. तेव्हा समुद्रावर धावणाऱ्या मोटरबोटींविषयी आम्ही काय सांगणार, असा प्रश्न वाचक बांधवांना पडेल. परंतु १९६० नंतरच्या बहुतेक वेगवान बोटी कापडाच्याच आहेत. फक्त ते कापड काचेच्या धाग्याचे आहे. आणि ज्याने ग्रे मालाचा ताका हातात घेऊन त्यात सूत किती आणि कांजी किती हे ओळखण्यात उमर घालवली, त्याला या विषयावर दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

पूर्वी या बोटी लाकडाच्या असत. इटलीतील सार्निको गावी कार्लो रिवा यांच्या कारखान्याने १९६२ पासून बांधलेली 'अक्वारामा' महोगनीची होती. लाकूड जड म्हणून मागे पडले असे लोक समजतात, ते खरे नाही. महोगनीचा एक घनमीटर साधारण साडेपाचशे किलो भरतो, तर काच-कापडाच्या पत्र्याचा एक घनमीटर दीड हजार किलोच्या आसपास. मात्र लाकडाच्या फळ्या जाड लागतात, आत फासळ्यांचा सांगाडा लागतो आणि लाकूड पाणी पिते. इंग्लंडात हॅम्बल येथील फेअरी मरीन या कारखान्याने पातळ लाकडी पापुद्रे डिंकाने एकावर एक चिकटवून, भट्टीत दाबाखाली भाजून हलक्या आणि मजबूत बोटी काढल्या. काम उत्तम होते, पण त्याला भट्टी लागे आणि वेळ लागे.

बदल कसा झाला ते पाहा. १९६० साली मायामी ते नासाऊ ही खुल्या समुद्रावरील शर्यत रिचर्ड बर्ट्रम यांनी 'मॉपी' या बोटीने जिंकली. रे हंट यांनी आखलेला तिचा तळ खोल इंग्रजी 'व्ही'सारखा होता आणि ती लाकडाची होती. पुढच्या वर्षी त्याच आकाराची फायबरग्लासची 'ग्लास मॉपी' जिंकली. एकदा साचा तयार झाला की त्यातून बोटीमागून बोट निघते. फायबर आले ते मुख्यतः या सोयीमुळे, निव्वळ हलकेपणामुळे नव्हे.

आता कापडाकडे येऊ. बोटीत मुख्यतः दोन प्रकारचा माल लागतो. एक मॅट, म्हणजे काचेचे कापलेले तुकडे नमद्यासारखे दाबलेले. ते चौरस मीटरला ४५० ग्रॅमचे घेतले जाते. दुसरे रोव्हिंग, म्हणजे जाड दोऱ्याचे ताण्या-बाण्याने विणलेले कापड, चौरस मीटरला सुमारे ८०० ग्रॅम. दोन्ही रेझिनमध्ये भिजवून साच्यावर थापतात. मॅट रेझिन फार पिते. हाताने थापलेल्या मॅटमध्ये वजनाने तीस टक्के काच आणि सत्तर टक्के रेझिन राहते, रोव्हिंगमध्ये निम्मे-निम्मे.

हिशेब करू. चौरस मीटरला २.४ किलो काच हवी असे धरा. मॅटने बांधले तर रेझिन लागेल ५.६ किलो, एकूण ८ किलो. रोव्हिंगने बांधले तर रेझिन २.४ किलो, एकूण ४.८ किलो. बोटीचा पृष्ठभाग चाळीस चौरस मीटर धरला तर फरक १२८ किलोचा, आणि काच दोन्हीकडे तेवढीच. आमच्या भाषेत ही कांजी झाली.

तरी जुन्या कारागिरांना मूर्ख म्हणू नये. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा आठपट होतो, आणि जाडी स्वस्तात देते ते मॅटच. शिवाय रोव्हिंगवर रोव्हिंग नीट धरत नाही. मध्ये मॅटचा थर हवा. बिघाड होई तो हाताच्या घाईमुळे. रूळ फिरवून जादा रेझिन आणि हवा बाहेर काढणे हे कष्टाचे काम. ज्याने ते टाळले त्याची बोट जड झाली आणि वर ठिसूळही.

वजन घटवायला दोन उपाय आले. पहिला सँडविच: दोन पातळ पत्रे आणि मध्ये बाल्सा लाकूड. बाल्साचा घनमीटर दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे ताठपणा जवळजवळ फुकट मिळतो. परंतु पुढे कोणी एखादा स्क्रू ठोकला आणि भोक नीट बुजवले नाही, की पाणी आत शिरते, बाल्सा कुजतो आणि हलकी बोट वर्षागणिक जड होत जाते. मागच्या फळीतील प्लायवूडचे आणि तळातील फोमचेही तेच.

दुसरा उपाय केवलार. हा धागा ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली शोधला. त्याचे सापेक्ष वजन १.४४, काचेचे अडीचच्या वर. ताणाला तो जबर, दाबाला कमजोर. म्हणून काचेबरोबर मिसळून वापरावा लागतो. रेझिन मात्र त्यालाही लागतेच. तेव्हा विकणारा "केवलारची बोट आहे" म्हणाला तर किती थर केवलारचे, हे आधी विचारावे. रेशमाची किनार लावली म्हणून साडी रेशमी होत नाही, आणि भाव मात्र रेशमाचाच मागितला जातो!

अमेरिकेत अशा जुन्या बोटींचा बाजार मोठा आहे आणि लोक छापील कॅटलॉगमधील वजनावर विश्वास ठेवून इंजिन, पंखा आणि गाडा निवडतात. कॅटलॉगचे वजन बहुधा कोरड्या बोटीचे असते. चारशे लिटर पेट्रोल भरले की सुमारे तीनशे किलो तिथेच वाढतात. बाल्साने प्यायलेले पाणी वेगळे. म्हणून शहाणा गिऱ्हाईक पैसे मोजण्याआधी बोट गाड्यासकट ट्रकच्या वजनकाट्यावर नेतो, मग रिकामा गाडा तोलून वजा करतो. नंतर लहान हातोडीने तळ ठोकून पाहतो. आवाज टणक आला तर ठीक. कुंभाराकडचे तडकलेले मडके बोलते तसा बद्द आला, तर त्या जागी आत पाणी आहे असे समजून भाव पाडतो, किंवा सरळ घरी जातो.