वडिलांचं रिव्हॉल्व्हर आणि गच्चीवरची भट्टी

काळेवाडीत लेथ आणि मिलिंगवर हात बसलेली माणसं गल्लीगल्लीत भेटतात. त्यांतलेच हे एक. आयुष्य चाकण-भोसरीच्या टूलरूममध्ये गेलं, पाच मायक्रॉनची चूक बोटाला कळते असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. निवृत्त झाल्यावर जे घडलं ते त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. नाव छापायचं नाही, एवढीच अट.

वडिलांच्या पश्चात परवाना रीतसर त्यांच्या नावावर झाला आणि लोखंडी कपाटातलं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे आलं. वेब्ली अँड स्कॉटचं, .32 बोअरचं, सहा बारांचं. घोड्याजवळची कडी दाबली की नळी पुढं झुकते आणि अख्खं हत्यार मधोमध मोडल्यासारखं उघडतं. काडतुसं महाग, तीही परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळणार. त्यात मोबाइलवर अमेरिकी हौशी लोकांचे व्हिडिओ पाहण्यात आले: शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, नेहमीपेक्षा जड गोळी पाडायची आणि रिकाम्या केसेस पुन्हा भरायच्या. ज्यानं उभ्या हयातीत डाय बनवल्या, त्याला दोन पोकळ्यांचा साचा तो काय अवघड! ड्रॉइंग एका संध्याकाळी तयार झालं.

आधी शिसं. भंगारवाल्याकडून गाडीच्या चाकांना लावतात ती वजनं आणली, जुन्या बॅटरीच्या काही प्लेटा आणल्या, आणि गच्चीवर गॅसची शेगडी मांडली. पावसाळा नुकताच सरला होता. पातेल्यातलं शिसं आरशासारखं चकाकू लागलं, तसं त्यांनी पोत्यातलं आणखी एक वजन चिमट्यानं आत सोडलं. त्याच्या क्लिपच्या खाचेत पाणी होतं. शिसं 327 अंशांना वितळतं. त्यात बुडालेल्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि ती मूळच्या सुमारे 1,700 पट जागा मागते. पातेलं फट्‌कन उसळलं. हातावर, शर्टावर, पाण्याच्या टाकीवर चांदीसारखे ठिपके. डोळे वाचले ते कंपनीतल्या सवयीनं लावलेल्या गॉगलमुळे. मनगटापासून कोपरापर्यंतचे डाग आजही दिसतात.

बॅटरीच्या प्लेटा त्यांनी अजून टाकल्या नव्हत्या, हे नशीबच. त्यांत आम्लाचा अंश, अँटिमनी आणि कधी आर्सेनिकही असतं. गैरवापरात त्यातून निघणारा वायू जीव घेऊ शकतो. आणि शिशाच्या धुळीचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शिशाची निर्धोक अशी पातळीच माहीत नाही, आणि सर्वाधिक धोका लहान मुलांना. त्याच गच्चीवर नातवंडं पतंग उडवायची. ढवळायला घेतलेली पळी तर स्वयंपाकघरातली होती! ती सुनेनं पातेल्यासकट फेकून दिली, आणि बोलली ते वेगळंच.

हाताला पट्टी असतानाच त्यांचे मामा भेटायला आले. मामांची नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. इंग्रजांनी 1869 साली काढलेला हा कारखाना, काळेवाडीपासून फार लांब नाही. मामांनी साच्याचं ड्रॉइंग पाहिलं, आकड्यांचं कौतुक केलं आणि विचारलं, "मापं झकास आहेत रे. दाब कशानं मोजणार?"

उत्तर नव्हतं. व्हर्निअर, मायक्रोमीटर, गो-नोगो गेज सगळं घरात होतं. पण बार उडताना सिलिंडरमध्ये किती दाब होतो, हे सांगणारं काहीच नव्हतं. कारखान्यात त्यासाठी खास चाचणी-नळ्या असतात, आणि दारूच्या प्रत्येक नव्या लॉटची परीक्षा होते. या बोअरच्या .32 एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसाची नेहमीची शिशाची गोळी 98 ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या थोडी वर. अमेरिकी मानकानुसार त्याचा कमाल दाब चौरस इंचाला 15,000 पौंड. गोळी जड केली की ती जागची हलायला वेळ लावते. लांबीनं वाढली आणि केसमध्ये खोल बसली, तर दारूला उरलेली जागाही आक्रसते. दारू तेवढीच ठेवली तरी दाब चढतो. शिवाय आधुनिक दारू इतकी थोडी लागते की चुकून दुप्पट पडली तरी केस भरून वाहत नाही, आणि नजरेला काही खटकत नाही.

जड ओतीव गोळ्यांच्या दुनियेत ज्याचं नाव सगळ्यात मोठं, त्या एल्मर कीथनंही हा धडा घेतलाय. .45 बोअरच्या जुन्या कोल्टमध्ये रायफलसाठीच्या जड गोळ्या भरून त्यानं बार काढले आणि सिलिंडरचा वरचा भाग उडाला. ती हकीकत त्यानं 1925 साली स्वतःच छापली. त्यानंतर तो .44 कडे वळला. कारण साधं: सिलिंडर बाहेरून तेवढाच, भोक लहान, म्हणजे भिंत जाड. त्याच्या पाठपुराव्यातून पुढे .44 मॅग्नम आलं, पण ते आलं नव्या, मजबूत रिव्हॉल्व्हरसकट. व्हिडिओवाले ही शेवटची अट सांगायला विसरतात.

मामांनी पुढे जे सांगितलं ते चाकणच्या माणसाला चटकन पटावं असं. असेंब्ली लाइनवर पार्ट उलटा बसूच नये म्हणून आपण पोका-योके करतो. काडतूसवाल्यांनीही तेच केलंय. 1935 साली .357 मॅग्नम निघालं, तेव्हा त्याची केस .38 स्पेशलपेक्षा मुद्दाम सुमारे 3 मिलिमीटर लांब ठेवली, जुन्या हत्यारात शिरूच नये म्हणून. .32 च्या घराण्यातलं .327 फेडरल मॅग्नम 45,000 पौंडांपर्यंत जातं, तेही लांब. घरी भरलेल्या काडतुसाची केस मात्र जुनीच, आणि आतला दाब कितीही. ते वेब्लीत सुखानं शिरणार. मग सगळा भार त्या घोड्याजवळच्या कडीवर आणि झिजलेल्या बिजागरीवर.

कायद्याची बाजू मामांनी शेवटी काढली. खरं तर ती पहिली असायला हवी. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग तर येतातच, ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. हत्यार बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे; त्यासाठी कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. तो नसताना बनवलं, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. हौस म्हणून केलं, विकायला नाही, हा बचाव तिथं चालत नाही.

हल्ली सोसायटीतलं कुणी वडिलोपार्जित बंदुकीचा विषय काढला की लोक या काकांकडे पाठवतात. ते आधी परवान्याची मुदत बघायला सांगतात. परवानाधारक वारला असेल, तर वारसानं हत्यार कपाटात ठेवायचं नाही, ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. मग अर्ज पोलीस आयुक्तालयात. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय 2018 पासून स्वतंत्र असल्यानं पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. हत्यार वापरात ठेवायचंच असेल, तर परवानाधारक कारागिराकडून सिलिंडरचा ढिलेपणा, कडी आणि नळी तपासून घ्यायची, आणि कारखान्यात बनलेलं, नळीवरच्या खुणेशी जुळणारं काडतूसच घालायचं. नेमबाजीची हौस असेल, तर बालेवाडीची रेंज जवळच आहे.

त्यांनी साच्याचं ड्रॉइंग फाडलं. 2016 च्या नियमांप्रमाणे सत्तरी गाठलेला किंवा 25 वर्षं हत्यार बाळगलेला परवानाधारक हयातीतच वारस सुचवू शकतो, हे कळल्यावर त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा, मला नको. विकता येतं का बघा." सध्या ते त्याचे कागद जमवताहेत.