चेंडूतील हवा आणि दोन सोयीची शून्ये

वायूंचे नियम तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असतील किंवा पुढील इयत्तेत वाचाल. परीक्षेत त्यांच्यावर एखादे दोन गुणांचे उदाहरण येते. आपण ते सोडवतो आणि विसरून जातो. परंतु २०१५ साली अशाच एका उदाहरणावरून अमेरिकेत घरोघरी वाद झडला, एका नामांकित खेळाडूची अब्रू पणाला लागली आणि प्रकरण थेट न्यायालयात गेले. ते उदाहरण कोणते, आणि ते सोडवताना भलेभले कोठे घसरले, ते आज आपण पाहू.

आधी खेळाची थोडी ओळख

अमेरिकेत ज्याला ‘फुटबॉल’ म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू पायाने क्वचितच मारतात. बहुतेक वेळ तो हातात घेऊन धावतात किंवा हाताने फेकतात. चेंडू गोल नसून दोन्ही टोकांना निमुळता असतो. बाहेरून चामडे, आत रबरी ब्लॅडर. त्याचे वजन ४०० ग्रॅमच्या थोडे वर भरते. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात व चेंडू फेकण्याचे मुख्य काम ‘क्वार्टरबॅक’ करतो. व्यावसायिक संघांचे दोन गट आहेत. प्रत्येक गटाच्या विजेतेपदाचा एक सामना होतो, आणि ते दोन विजेते ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यात एकमेकांशी खेळतात.

१८ जानेवारी २०१५ रोजी यांपैकी एका गटाचा विजेतेपदाचा सामना मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉक्सबरो येथे झाला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने इंडियानापोलिस कोल्ट्सला ४५–७ असे हरवले. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक होता टॉम ब्रेडी. संध्याकाळ थंड होती आणि पाऊसही पडत होता.

या खेळात एक गंमत आहे. प्रत्येक संघ आपापले चेंडू आणतो आणि आक्रमण करताना स्वतःचेच चेंडू वापरतो. चेंडूत हवा किती असावी याचा नियम आहे: दाब दर चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पौंड. (यापुढे आपण नुसते ‘पौंड’ म्हणू.) पेट्रियट्सचे चेंडू सामन्याआधी खालच्या मर्यादेवर, म्हणजे १२.५ पौंडांवर ठेवले होते. कोल्ट्सचे सुमारे १३ पौंडांवर. हवा थोडी कमी असली की चेंडू जरा मऊ लागतो आणि ओल्या हातात नीट धरता येतो. म्हणून कमी हवेचा फायदा होऊ शकतो.

कोल्ट्सने तक्रार केल्यावर मध्यंतरात पंचांनी पेट्रियट्सचे अकरा चेंडू मोजले. अकराही १२.५ पौंडांच्या खाली निघाले!

सगळेच झाले शास्त्रज्ञ

मग काय विचारता! अकरा चेंडूंत प्रत्येकी दोन पौंड हवा कमी होती, असे वृत्त पसरले. पुढे ते चुकीचे ठरले, पण तोपर्यंत लोकांचा निकाल लागून गेला होता. जे वर्षभर खेळ पाहत नाहीत, ज्यांना नियमही ठाऊक नाहीत, असे लाखो लोक या वादात उतरले. दोन आठवड्यांनी, १ फेब्रुवारीला, पेट्रियट्सने सियाटल सीहॉक्सला २८–२४ असे हरवून सुपर बोल जिंकला. तो सामना अमेरिकेत सरासरी सुमारे ११ कोटी ४० लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यांतल्या कित्येक नवख्यांना दोन्ही संघांबद्दल एवढीच माहिती होती, की यांतल्या एका संघाने चेंडूतली हवा काढली म्हणे.

नवख्यांचे प्रश्न मात्र वाईट नव्हते. ‘थंडीने हवा कमी होते का?’ ‘होत असेल तर किती?’ ‘मग दुसऱ्या संघाच्या चेंडूंतली का झाली नाही?’ हे तीनही प्रश्न उत्तम आहेत. आपण ते क्रमाने घेऊ.

पहिला प्रश्न: थंडीने काय होते?

वायूचे रेणू सतत इकडून तिकडे धावत असतात आणि भांड्याच्या भिंतींवर आदळतात. त्या आदळण्यालाच आपण दाब म्हणतो. वायू थंड केला की रेणूंचा वेग कमी होतो, धडका सौम्य होतात, त्यांची संख्याही घटते आणि दाब उतरतो. चेंडूतून हवेचा एक कणही बाहेर गेला नाही तरी हे घडते. आकारमान कायम असेल तर नियम सोपा आहे: वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या समप्रमाणात असतो.

चेंडू प्रथम मोजले गेले ती खोली उबदार होती. चौकशी अहवालात तिचे तापमान सुमारे १९.४ ते २१.७ अंश सेल्सिअस धरले आहे. बाहेर मैदानावर सुमारे ८.९ अंश होते. तेव्हा दाब उतरणार हे नक्की. प्रश्न एवढाच, की किती?

दुसरा प्रश्न: किती? आणि शून्य कोठे?

खोली २१.७ अंश होती असे माना आणि पुढे वाचण्याआधी वहीत स्वतः उदाहरण सोडवून पाहा.

एखादा म्हणेल, “२१.७ चे ८.९ झाले, म्हणजे तापमान निम्म्याहूनही खाली आले. तेव्हा दाबही १२.५ वरून पाचावर यायला हवा.” असा चेंडू हाताला लिबलिबीत लागला असता. हे उत्तर उघडच चूक आहे. सेल्सिअसचे शून्य म्हणजे बर्फ वितळण्याचे तापमान. ते आपल्या सोयीसाठी ठरवलेले शून्य आहे. तेथे रेणूंची धावपळ थांबलेली नसते. वायूच्या नियमाला लागते ते खरे शून्य; ते उणे २७३ अंशांच्या जरा खाली आहे. म्हणून दोन्ही तापमानांत २७३.२ मिळवा. आता २१.७ चे २९४.९ केल्व्हिन झाले आणि ८.९ चे २८२.१ केल्व्हिन. त्यांचे गुणोत्तर सुमारे ०.९५७. म्हणजे निरपेक्ष तापमान फक्त चार-साडेचार टक्क्यांनी उतरले.

दुसरा हुशार विद्यार्थी म्हणेल, “तर मग १२.५ ला ०.९५७ ने गुणले, उत्तर आले सुमारे १२. फरक अर्धा पौंड. चेंडू तर त्याहून बरेच खाली होते. तेव्हा लबाडी नक्कीच झाली!”

थांबा. हा हिशेबही चूकच आहे, आणि ही चूक पहिलीपेक्षा जास्त फसवी आहे.

पंक्चर झालेल्या सायकलच्या ट्यूबला दाबमापक लावला तर काटा किती दाखवील? शून्य. पण म्हणून ट्यूबमध्ये हवाच नाही का? आहे! बाहेर जितक्या दाबाची हवा आहे तितक्याच दाबाची आतही आहे. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पौंड असतो. मापक फक्त आतल्या व बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. याला आपण मापकदाब म्हणू. मापकाचे शून्य हेसुद्धा सेल्सिअसच्या शून्यासारखे सोयीचे शून्य आहे. वायूच्या नियमाला मात्र रेणूंचा पूर्ण दाब, म्हणजे निरपेक्ष दाब हवा असतो.

आता योग्य रीतीने करू.

आरंभीचा निरपेक्ष दाब = १२.५ + १४.७ = २७.२ पौंड.
थंड झाल्यावरचा निरपेक्ष दाब = २७.२ × (२८२.१ ÷ २९४.९) = सुमारे २६.०२ पौंड.
मापक दाखवील = २६.०२ − १४.७ = सुमारे ११.३२ पौंड.

म्हणजे कोणी हात न लावताही काटा जवळजवळ १.२ पौंडांनी खाली येणार! खोली १९.४ अंश होती असे धरले तर उत्तर ११.५२ येते. चौकशीसाठी नेमलेल्या ‘एक्स्पोनंट’ या तांत्रिक संस्थेचे अपेक्षित आकडेही हेच होते: ११.३२ ते ११.५२.

मापकाचे शून्य खरे समजण्याची चूक साध्यासुध्या प्रेक्षकांनीच केली असे नाही. नील डिग्रास टायसन या प्रसिद्ध खगोलभौतिकीतज्ज्ञांनीही घाईत मापकदाबच धरून हिशेब मांडला होता. चूक ध्यानात आल्यावर त्यांनी ती जाहीरपणे कबूल केली. विज्ञानात चूक होणे ही लाज नव्हे. ती कळूनही धरून बसणे ही लाज.

तिसरा प्रश्न: दोन्ही संघांचे चेंडू सारखे का नाहीत?

मध्यंतरात दोन पंचांनी दोन वेगवेगळ्या मापकांनी दाब मोजला. पेट्रियट्सच्या अकरा चेंडूंची सरासरी एका मापकाने ११.११ आली आणि दुसऱ्याने ११.४९. पाहा, एकाच चेंडूंवर दोन मापकांत जवळजवळ ०.४ पौंडांचा फरक! कोल्ट्सचे चारच चेंडू मोजून झाले, कारण वेळ संपला. त्यांची सरासरी साधारण १२.४ ते १२.६ होती. मुळात ते १३ वर होते, म्हणजे उतरले अर्ध्या पौंडाच्या आसपासच.

लोक म्हणाले, “हवामान दोघांनाही सारखेच होते ना?” होते, पण मोजण्याची वेळ सारखी नव्हती. मैदानावरून चेंडू पुन्हा उबदार खोलीत आणले की ते लगेच तापू लागतात आणि काटा मिनिटागणिक वर चढतो. पेट्रियट्सचे चेंडू आधी मोजले, कोल्ट्सचे नंतर. तोवर त्यांना ऊब मिळाली होती. शिवाय ओला चेंडू कोरड्यापेक्षा सावकाश तापतो.

राहता राहिला प्रश्न मापकाचा. सामन्याआधी मुख्य पंचांनी दोहोंपैकी कोणता मापक वापरला? जास्त आकडा दाखवणारा वापरला असावा, असे त्यांना आठवत होते. ते खरे असेल तर त्याच मापकाची मध्यंतरातील सरासरी, ११.४९, आपल्या हिशेबात चपखल बसते. चौकशी करणाऱ्यांनी मात्र दुसराच मापक वापरला गेला असे मानले. मग थोडी घट स्पष्ट होत नाही असा निष्कर्ष निघाला. सामन्याआधीचे आकडे कोणीच लिहून ठेवले नव्हते!

मे २०१५ मध्ये टेड वेल्स या वकिलांचा अहवाल आला. हवा मुद्दाम काढली गेल्याची शक्यता अधिक आहे, असे त्यात म्हटले होते. त्यात कर्मचाऱ्यांच्या आपसातील संदेशांसारखा इतर पुरावाही होता. त्या पुराव्याबद्दल पदार्थविज्ञान काही सांगू शकत नाही. ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली व संघाला दहा लाख डॉलर दंड झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये एका न्यायाधीशांनी बंदी रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने ती पुन्हा लागू केली, आणि ब्रेडीने ती २०१६ च्या हंगामात भोगली.

तो दोषी होता की निर्दोष, हे आपल्या उदाहरणातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की ‘अकराही चेंडू १२.५ च्या खाली’ हा पुरावाच नव्हता. त्या थंडीत ते खाली नसते तरच आश्चर्य! ज्या एका आकड्यावर लोकांनी एका माणसाला लबाड ठरवले, तो आकडा प्रामाणिक चेंडूही दाखवणारच होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. चेंडू आपल्या मूळ तापमानाला येईपर्यंत थांबून त्याच मापकाने ते पुन्हा मोजले असते तर उत्तर बरेचसे मिळाले असते. नुसत्या थंडीने उतरलेला दाब परत येतो; काढून टाकलेली हवा परत येत नाही. पण मध्यंतर थोड्या मिनिटांचे होते, आणि पेट्रियट्सच्या चेंडूंत पंचांनी पुन्हा हवा भरली. त्याच वर्षाच्या पुढच्या हंगामापासून चेंडूंना क्रमांक देऊन त्यांचा दाब लिहून ठेवण्याची पद्धत सुरू झाली.

स्वतः करून पाहा

शाळेतला फुटबॉल घ्या. सायकलच्या दुकानातून सुई लावता येईल असा दाबमापक मिळवा. चेंडू चार तास खोलीत ठेवून दाब व खोलीचे तापमान लिहा. मग तो रात्रभर शीतकपाटात ठेवा आणि बाहेर काढताच मोजा. समजा खोलीत ३० अंशांना ९ पौंड होते आणि शीतकपाटात ६ अंश आहे. तर काटा ७.१ च्या जवळपास यायला हवा. नंतर चेंडू पुन्हा खोलीत ठेवून दर पाच मिनिटांनी काटा पाहा व आलेख काढा. सुई घालताना दर वेळी थोडी हवा निसटते, म्हणून सगळे प्रयत्न झाल्यावर शेवटी खोलीच्या तापमानाला दाब किती उरला तेही लिहा. तेवढी घट तुमच्या हाताची, बाकीची थंडीची.

एक उदाहरण घरी सोडवा. पहाटे १५ अंशांना मोटारीच्या चाकात ३० पौंड मापकदाब होता. उन्हातल्या प्रवासात चाकातली हवा ४५ अंशांपर्यंत तापली. आकारमान बदलले नाही असे मानून मापक आता किती दाखवील? (उत्तर: सुमारे ३४.७ पौंड. तुमचे उत्तर ३३.१ आले असेल, तर कोणते शून्य चुकले ते शोधा.)