मागच्या सीटवरचा उकाडा

चि. भाच्यास,

तुझ्याकडे आलेल्या सात आसनी गाडीची हकिगत कळली. पुढे ड्रायव्हर गारठलेला आणि मागे आजी पदराने वारा घेताहेत. अशी गाडी आली की बऱ्याच गॅरेजांत पहिला हात एसीच्या गॅसच्या टाकीकडे जातो. तुझा जाऊ नये, म्हणून हे पत्र.

इनोव्हासारख्या गाडीत कॉम्प्रेसर एकच, कंडेन्सर एकच, पण कूलिंग कॉइल दोन. प्रत्येक कॉइलला आपापला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, आपापला ब्लोअर. त्यामुळे मागे झकास गार आणि पुढे कोमट असेल, तर कॉम्प्रेसर बहुधा निर्दोष. पुढचा केबिन फिल्टर, कॉइल किंवा हीटरची गरम हवा मिसळणारी झडप तपासायची.

आजींच्या तक्रारीचं काम जास्त किचकट. आधी स्वतः शेवटच्या सीटवर बसायचं आणि छतातल्या व्हेंटसमोर हात धरायचा. हवाच कमी येते, की भरपूर येते पण गार नाही? हवाच कमी असेल तर ब्लोअर, नाहीतर धुळीने चोंदलेली कॉइल. गार नसेल तर मागे जाणाऱ्या नळ्यांकडे वळायचं. एसी चालू ठेवून मागच्या कॉइलच्या जोडाशी हात लावला की बारीक नळी कोमट लागते. जाड नळी थंडगार हवी, दमट हवेत तिला घाम सुटलेला हवा. तसं नसेल तर मागचा व्हॉल्व्ह चोक झालेला असतो किंवा गॅस कमी असतो. या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. खडी, चिखल, गंज, सगळं त्यांच्याच वाट्याला. जोडावर तेलकट धूळ बसलेली दिसली तर गळतीचा पहिला संशय तिथेच, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं.

गळती तशीच ठेवून गॅस भरणं ही ग्राहकाची फसवणूक आहे. शिवाय एसीतला आर-१३४ए गॅस हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो.

जोड दुरुस्त झाला की व्हॅक्यूम करून गॅस वजनावरच भरायचा. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम छापलेले असतात, आणि दुहेरी एसीचा आकडा वेगळा, मोठा असतो. नुसत्या गेजवर विसंबून भरणाऱ्यांचं इथेच चुकतं.

गाडी परत देण्याआधी ती उन्हात उभी करून मागच्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचायचा, आणि तो आकडा बिलावर लिहून द्यायचा.

तुझा मामा