मांगरातला टिलर : आधी खरवडणं, मग रंग



कुडाळकडच्या एका गटाच्या मासिक बैठकीत बचत आणि कर्जफेड लिहून झाली, वही मिटत होतो, तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "भंगारवालो इल्लो होतो. टिलर इकून टाकू काय?" टिलर त्यांच्या यजमानांचा. ते गेल्यापासून सहा पावसाळे तो मांगरात उभा होता. वर कोंबड्या बसायच्या, हँडलाला सुंभ गुंडाळलेला, आणि मूळचा लाल रंग कुठे दिसेल तर दिसेल. भंगारवाला लोखंडाच्या भावाने न्यायला तयार होता.

त्याच बैठकीत दुसरी अडचणही होती. चिखलणीच्या दिवसांत भाड्याचा टिलर वेळेवर मिळत नाही. तरवा वाढून जातो आणि पुरुषमाणूस नसलेल्या घराचा नंबर शेवटी लागतो. मग कोणीतरी म्हणालं की हाच का दुरुस्त करू नये? तासभर वाद झाला. नवीन का घेत नाही, असं मीच विचारलं. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्यांना पॉवर टिलरवर 50 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, त्याला कमाल मर्यादाही आहे, आणि अर्ज महाडीबीटीवर होतो. पण तेव्हा त्यासाठी सातबारा आणि आठ-अ लागत होता. या ताईंचं नाव सातबाऱ्यावर अजून चढलेलंच नव्हतं. शिवाय आधी यंत्राचे पूर्ण पैसे भरायचे आणि अनुदान मागून खात्यात येणार. वारस नोंदीचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात तलाठ्यांकडे दिला. ते काम वेगळं, त्यावर पुढे कधीतरी लिहीन. तोवर मिरग काही थांबणार नव्हता. गटाने ठराव लिहिला : दुरुस्तीसाठी अंतर्गत कर्ज, मालकी ताईंचीच, भाड्यातला ठरलेला हिस्सा गटाला.

ज्यांच्याकडे टिलर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा दोन चाकांचा, मागून चालत चालवायचा ट्रॅक्टर. जपानमधल्या लहान भातखाचरांत अशी यंत्रं रुळली, आणि आपल्या कुणग्यांनाही ती बरोबर बसली. आपल्याकडची जुनी यंत्रं बहुतेक दोन घराण्यांची असतात : बंगळूरच्या व्हीएसटीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने बनवलेली, किंवा केरळच्या कॅमकोने कुबोटाच्या तंत्राने बनवलेली. पुढे एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्यावरून पट्टे क्लचच्या पुलीकडे जातात, मागे रोटरीची वाकडी पाती. यात इलेक्ट्रॉनिक काही नसल्यामुळे वाडीतला मेस्त्रीही ते उघडून दुरुस्त करू शकतो.

आता चूक. वार्षिक सभा जवळ आली होती. मला वाटलं, सभेच्या मंडपाबाहेर लालभडक टिलर उभा असला तर काय छान दिसेल! फोटो निघेल, इतर गटांना हुरूप येईल. गटातल्या सगळ्यांत वयस्कर आजी म्हणाल्या होत्या, "आधी चालता काय तां बघा, रंग मगे." मी हसून सोडून दिलं. एका रविवारी फडक्याने पुसलं, सुटलेला गंज झटकला आणि वरून ऑइल पेंट मारला. फोटो फार सुंदर आला. टिलर मात्र ढकलत न्यावा लागला होता, आणि ऑगस्टपर्यंत रंगाचे पापुद्रे उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे निघाले. रंग आणि दिवसभराची मेहनत फुकट गेली. त्या वर्षीची चिखलणीही भाड्याच्याच टिलरने झाली.

दुसऱ्यांदा आजींच्या क्रमाने गेलो, आणि काम धरलं जानेवारीत.

आधी मेस्त्रीला बोलावलं. इंजिन हँडलने फिरतं का, आत जाम आहे का, हे त्याने पहिलं पाहिलं. मग जुनं ऑइल काढलं. ऑइल काळं असेल तर घाबरू नका. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र आत पाणी गेलं आहे, आणि ते कुठून गेलं हे सापडेपर्यंत पुढे एक पैसा घालू नये. इंजिनाचा सांगाडाच तडकलेला असेल तर भंगारवालाच बरा, हेही स्पष्ट सांगते. आमचं नशीब चांगलं होतं. डिझेलची टाकी गंजाने भरली होती ती धुतली, फिल्टर, पट्टे आणि ऑइल बदललं, नोझल तपासून घेतला. पाचव्या-सहाव्या हँडलला धूर सोडत इंजिन सुरू झालं आणि ताई आत जाऊन बसल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

यंत्र चालतं हे कळल्यावरच सोडवायला घेतलं. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो, आणि काढलेले भाग गोणपाटावर त्याच क्रमाने मांडून ठेवायचे. गंजून बसलेल्या नटांवर डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून रात्रभर सोडलं. सकाळी हलकेच ठोकल्यावर बहुतेक सुटले. जोर लावून पाना फिरवलात तर नटाचे कोपरेच झिजतात. एका ताईने नट ठेवायला जुनं इडलीपात्र आणलं होतं. कल्पना झकास, प्रत्येक खळग्यात एका जागचे नट. पण ते पात्र परत चुलीपाशी जाणार नाही, असं आधीच कबूल करून घेतलं. का, ते खाली येतंच.

तेलकटपणा हा रंगाचा खरा शत्रू. गंजापेक्षाही जास्त, कारण गंज दिसतो तरी. आधी उलथन्याने चिखल-ग्रीसचे थर खरवडले, मग रॉकेल आणि ब्रशने धुतलं (जवळ चूल किंवा विडी नको), मग धुण्याची पावडर आणि स्वच्छ पाणी. झालं का हे कसं ओळखायचं? पाणी ओतून पाहायचं. अळवाच्या पानावर पळतात तसे थेंब पळाले तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ झाला. आम्हाला तीन वेळा धुवावं लागलं. पहिल्या वेळी ही एकच परीक्षा घेतली असती तर सभेतला रंग टिकला असता.

यापुढचं जरा सावकाश वाचा. जुन्या यंत्रांच्या रंगात शिसं असू शकतं. लाल, पिवळ्या, नारिंगी रंगांत तर विशेष. आपण देवाला लावतो तो शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच ऑक्साईड, आणि लोखंड गंजू नये म्हणून पूर्वी त्याचाच हात मारत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्या देशात 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण तो घरगुती रंगांपुरता आहे, आणि आपला टिलर त्याच्या कितीतरी आधीचा. जुना रंग कोरडा घासला की बारीक धूळ उडते, खळ्यात बसते, रांगणारं मूल हात तोंडात घालतं. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडते, आणि अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटातल्या बाळालाही ते पोचतं.

म्हणून आम्ही खळ्यातलं काम मांगरापलीकडे नेलं. खाली प्लास्टिकचा मोठा कागद अंथरला, कोंबड्या कोंडल्या, लहान मुलं आणि गटातली एक गरोदर सून यांना लांब ठेवलं. कोरडं घासायचं नाही, पाणी मारत वॉटर पेपरनेच घासायचं. जाड थर पत्र्याच्या पट्टीने ओला करूनच काढायचा. जुना रंग जाळून काढायची युक्ती कोणी सांगेल, ती अजिबात ऐकू नका, धुरातूनही शिसं जातं. तोंडाला ओढणी पुरत नाही, दुकानातून धुळीचा चांगला मास्क आणा. काम झाल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय चहासुद्धा नको, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. निघालेला चोथा उकिरड्यावर किंवा शेतात टाकायचा नाही, नाहीतर तोच खतातून भाजीत यायचा. आमचा अजून झाकणाच्या डब्यात बंद आहे. कुठे द्यायचा हे ग्रामपंचायतीकडे विचारलंय, उत्तर आलं की कळवते.

चोळून झालेलं लोखंड तसंच ठेवून घरी जाऊ नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत रात्रीत त्यावर तांबूस गंज चढतो. ज्या दिवशी घासलं त्याच दिवशी, पूर्ण वाळल्यावर, रेड ऑक्साईड प्रायमरचा हात बसला पाहिजे. म्हणून एका दिवशी पेलेल एवढाच भाग घासायला घ्यायचा : आज बोनेट, उद्या चाकावरची झाकणं. रंग घेताना डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलंय का ते पाहा. रंग दव उतरल्यावर सकाळी लावा. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर तो लगेच सुकतो आणि ब्रशचे ओरखडे राहतात. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात. मधे किती तास थांबायचं ते डब्यावर छापलेलं असतं, तेवढं थांबा. आम्हाला प्रायमर आणि रंग प्रत्येकी एक लिटर पुरला, रंग थोडा उरलाही. रंगाचं सगळं सामान दोन हजारांच्या आत बसलं. इंजिनाच्या कामाला त्याच्या पाचपट गेले. कर्ज मागताना हे प्रमाण डोक्यात असू द्या, नाहीतर पैसे रंगातच संपतात.

काही ठिकाणी रंग लावायचाच नाही. इंजिन आणि चासीचा नंबर कोरलेली पट्टी ग्रीस लावून झाकून ठेवा. सुटे भाग मागवताना किंवा यंत्र कधी विकताना तो नंबर लागतो. रेडिएटरच्या जाळीवर, पट्ट्यांवर, ग्रीस भरायच्या टोकांवर रंग नको. सायलेन्सरवर साधा ऑइल पेंट जळतो, त्याला उष्णता सोसणारा चंदेरी रंग वेगळा मिळतो. हवा घ्यायच्या नळीत आणि सायलेन्सरच्या तोंडात आम्ही फडकी कोंबली होती, आणि ती काढायची आठवण म्हणून हँडलाला लाल दोरा बांधला.

आणि पट्ट्यांवरचं लोखंडी झाकण. रंग खराब होईल म्हणून किंवा पट्टा बघायला सोपं जावं म्हणून बरेच जण ते काढून ठेवतात, मग ते मांगरातच राहतं. फिरत्या पट्ट्यात पदर गेला तर इंजिन बंद करायला वेळ मिळत नाही. आमच्या गटात झाकण बसवल्याशिवाय हँडल मारायचं नाही, आणि मारताना रोटरीचा गिअर सुटलेला हवा. चालवताना साडी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचलेला, ओढणी नाहीच. दोघी शिकल्या आहेत. त्यातली एक पंजाबी ड्रेसवर जाऊ लागली तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, हे मला रंगापेक्षा मोठं वाटलं.

मेच्या शेवटी कुणग्यात एक फेर मारून पाहिला. लोखंडी चाकांनी पहिल्याच तासात खालच्या बाजूचा रंग खरवडला. तो तसाच खरवडणार, तिथे दरवर्षी हात मारावा लागेल. बोनेटचा रंग मात्र यंदाच्या पावसात टिकला. भाडं तासावर आहे, डिझेल घेणारीचं, आणि नोंदवही सचिव ताईंकडे आहे. पुढच्या मिरगासाठी अकरा नावं लागली आहेत. पहिल्या तीन नावांच्या घरी पुरुषमाणूस नाही, तसा गटाने ठरावच केला आहे.