वेगळी हाडे आणि नवे सांधे

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक (१८६४-१९०१) कलाभ्यासकांना परिचित आहे. त्याची एक मांडी १८७८ मध्ये आणि दुसरी १८७९ मध्ये मोडली. दोन्ही वेळा निमित्त किरकोळच होते. पुढे त्याच्या पायांची वाढ खुंटली. १९६२ साली मारोतो व लामी या फ्रेंच डॉक्टरांनी ‘पिक्नोडिसोस्टोसिस’ या आनुवंशिक अस्थिविकाराचे वर्णन केले, आणि लोत्रेकला हाच विकार असावा, असे १९६५ मध्ये सुचविले. हे मत सर्वमान्य नाही. पण त्याचे आईवडील परस्परांची सख्खी मावस भावंडे होती, एवढे मात्र खरे.

या विकारात हाड दगडासारखे घट्ट असते, आणि तरीही मोडते. असे का व्हावे? आपल्या शरीरात जुने हाड सतत विरघळत असते व त्या जागी नवे रचले जाते. जुने हाड विरघळविणारे एन्झाइमच येथे निकामी असते. जुनी भिंत न पाडता तिच्यावर गिलावा चढवीत राहावे, तसा हा प्रकार. भिंत जाड होते, मजबूत होत नाही.

त्याच १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यात पॉलिथिलीनची वाटी बसविली. त्यापूर्वी वापरलेले टेफ्लॉन लवकर झिजत असे. धातूचा गोळा, पॉलिथिलीनची वाटी आणि पक्के बसविण्यासाठी अॅक्रिलिक सिमेंट, या योजनेने असंख्य वृद्धांना पुन्हा चालते केले. मात्र तिच्यात एक गोष्ट गृहीत आहे: सांधा झिजला असला तरी भोवतालचे हाड नेहमीसारखे आहे. आनुवंशिक अस्थिविकारात नेमके हेच गृहीतक कोसळते.

कृत्रिम खुब्याचा दांडा मांडीच्या हाडातील मज्जेच्या पोकळीत बसवितात. ऑस्टिओपेट्रोसिस या विकारात ती पोकळीच जवळजवळ बुजलेली असते. ड्रिल तापते, कधी तुटते. जोर लावावा तर हाडाला तडा जातो. म्हणून पाणी सोडीत, वारंवार क्ष-किरणाने दिशा पाहत, इंच-इंच पुढे जावे लागते. गुडघ्यातही कापाची दिशा ठरविणारी सळई एरवी याच पोकळीत घालतात. येथे ती मोजणी बाहेरून किंवा संगणकाच्या मदतीने करावी लागते. शिवाय अशा हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती अधिक.

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टामध्ये परिस्थिती उलट असते. बहुतेक रुग्णांत कोलॅजेन सदोष असते व हाड ठिसूळ होते. खुब्याची खोबण आत दबलेली, मांडीचे हाड धनुष्यासारखे वाकलेले, आणि त्यात लहानपणी घातलेल्या सळया! सरळ दांडा वाकड्या हाडात जाणार कसा? कधी हाड आधी कापून सरळ करावे लागते.

मल्टिपल एपिफिजिअल डिस्प्लेसियामध्ये हाडांच्या टोकांची वाढच बिघडते. ऐन तरुणपणी खुबे झिजतात. शरीर ठेंगणे असल्यास नेहमीच्या मापाचा सांधा बसत नाही, मोजमाप घेऊन लहान करवून घ्यावा लागतो.

येथेच खरा पेच आहे. तरुणाला “अजून थांबा” असा सल्ला मिळतो, आणि त्याला कारणही आहे: कृत्रिम सांधा कधीतरी झिजणार, आणि प्रत्येक फेरशस्त्रक्रियेत हाड आणखी कमी होणार. पण पंचविशीतल्या मुलीने शिक्षण, नोकरी, जिना, बस हे सारे साठीपर्यंत थांबवायचे का? माझ्या मते केवळ वयावरून नकार देणे अन्यायाचे आहे. वेदना किती आणि हाड किती उरले आहे, हे पाहूनच निर्णय व्हावा.

जाता जाता आपल्याकडील एक गोष्ट. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. पिक्नोडिसोस्टोसिससारख्या विकारात आई व वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. मात्र ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा बहुधा एकाच सदोष जनुकाने होतो, आणि तो बदल अपत्यात नव्यानेही घडू शकतो; तेथे नात्यातल्या लग्नाला बोल लावणे चुकीचे.

सांधा बदलला तरी जनुक तेच राहते. दांड्याच्या टोकाखाली हाड पुन्हा मोडू शकते, म्हणून तपासणी पुढे वर्षानुवर्षे चालते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांनाही विकाराचे नाव सांगावे लागते. पिक्नोडिसोस्टोसिसमध्ये जबडा लहान असल्याने श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाते, आणि ती तयारी आधीच हवी असते.